सत्तावीस किल्ल्या

गावातल्या सगळ्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या मावशींच्या स्वयंपाकघरात होत्या, आणि मावशींच्या स्वतःच्या घराला मात्र कुलूपच नव्हतं. दाराला आतून एक कडी होती, तीही वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

किल्ल्या टांगायची फळी मावशींच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, केली होती. ते गवंडी. लाकडाचं काम त्यांचं नव्हे, म्हणून फळी जरा तिरकी होती, पण खिळे भक्कम होते. वरच्या रांगेत वरच्या आळीची घरं, मधल्या रांगेत मधल्या आळीची, खाली खालच्या आळीची. घरं सव्वीस, आणि सत्ताविसावी किल्ली शाळेची. एकाही किल्लीला चिठ्ठी बांधलेली नव्हती. "नावं कशाला लिहायची? मी काय म्हातारी झालेय?" असं मावशी विचारत. त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. काका या प्रश्नाला उत्तर देत नसत. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतो. गावाने मावशींचं नाव 'किल्लेदारीण' ठेवलं होतं, आणि ते मुळात काकांनीच ठेवलं असावं असा मावशींना दाट संशय होता.

हे सगळं सुरू झालं सतरा वर्षांपूर्वी. खालच्या आळीतले घड्याळजी मुलाकडे शहरात निघाले आणि जाता जाता किल्ली मावशींच्या हातात ठेवून म्हणाले, "दोन महिन्यांत येतोच. तोवर जरा लक्ष ठेवा." मग शिंपी गेला, मग दूधवाल्याचं कुटुंब गेलं, मग वरच्या आळीतले तिघे भाऊ एकाच वर्षात गेले. गेलेला प्रत्येक जण दोन महिन्यांतच येणार होता. मावशी तेव्हा शाळेत शिपाई होत्या. मुलं संपली तशी शाळाही बंद झाली, आणि शाळेची किल्ली कोणाला द्यायची हे सांगायला कोणी फिरकलंच नाही. मग तीही फळीवर गेली.

मावशी नुसत्या किल्ल्या सांभाळत नव्हत्या. त्या घरांना वारा देत. सोमवारी वरची आळी, मंगळवारी मधली, गुरुवारी खालची. घरात शिरायचं, पुढची आणि मागची खिडकी सताड उघडायची, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जातो. नळ सोडायचा, गंजाचं लाल पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत. कपाटांची दारं उघडून ठेवायची. गाद्यांवर वेताची छडी सपासप मारायची. आणि सगळं झालं की घरातल्या एखाद्या खुर्चीवर बसून थर्मासमधला चहा घोटभर प्यायचा. हे शेवटचं काम सगळ्यांत महत्त्वाचं, असं मावशींचं ठाम मत. "घराला माणसाचा सहवास लागतो. नाहीतर ते मनाला लावून घेतं आणि पडतं." काका गवंडी असल्यामुळे घर नेमकं कशाने पडतं हे त्यांना पुरेपूर माहीत होतं.

आता राहती घरं उरली होती दहा. मावशींचं धरून दहा. या दहाला फार महत्त्व होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी काकांना ताप भरला आणि डॉक्टर यायला अख्खा दिवस गेला, तेव्हा लेकीने फोनवर रडून धिंगाणा घातला होता. "आई, त्या ओसाड गावात तुम्हा दोघांना काय झालं तर मला कळणारही नाही! इकडे या." तिला शांत करायला मावशी बोलून गेल्या, "राहती घरं दहाच्या खाली गेली ना, की येऊ. शब्द देते." तेव्हा घरं चौदा होती. दहा म्हणजे फार लांबची गोष्ट वाटत होती. लेकीने दुसऱ्याच आठवड्यात एक भलंमोठं पितळी कुलूप पाठवून दिलं, आईवडील निघतील तेव्हा दाराला लावायला. मावशींनी ते कागदातून सोडवलंसुद्धा नाही. कपाटावर टाकलं आणि विसरल्यासारखं केलं.

त्या शरद ऋतूत दुकानदार येऊन म्हणाला, "महिनाअखेरीस मीही निघतो, मावशी. किल्ली तुमच्याकडेच ठेवीन म्हणतो." तो गेला की नऊ. दिलेला शब्द फिरवणं मावशींच्या रक्तात नव्हतं. त्या रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, तिला सांगितलंच नाही तर?"

"मोजायला तिला तूच शिकवलंस," काका म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात घड्याळजींचा फोन आला. एक जोडपं त्यांचं घर भाड्याने घेत होतं. कायमचं राहायला येणार होतं म्हणे. मावशींनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि बोटांवर मोजलं. नऊ आणि एक दहा. त्या दिवशी त्यांनी काकांना विनाकारण दुसऱ्यांदा चहा केला.

जोडपं रविवारी आलं. टेम्पो मोठा होता, पण निम्मा रिकामा. दोन गाद्या, चार भांडी, पुस्तकांची एक पेटी आणि वेताचे मोठे भारे. टीव्ही नाही, फ्रीज नाही, सोफा नाही. गावाला वाटलं, हे कोणाला तरी चुकवून पळालेत. खरं तर तसं काही नव्हतं. ती वेताच्या खुर्च्या विणायची. तो शहरातल्या एका मोठ्या ऑफिसात होता, ते सोडून भाजीपाला पिकवायला आला होता. दोघांनी ठरवून सामान कमी केलं होतं. त्याच्याकडे एक जाड वही होती आणि साधं कसं राहायचं ते सगळं त्याने तिच्यात लिहून काढलं होतं. लोक त्याला वहीवाला म्हणू लागले आणि तिला खुर्चीवाली.

"आम्ही चाळीस वर्षं साधं राहिलो," काका म्हणाले, "तेव्हा कोणी बघायला आलं नाही. आणि आता मी फ्रीज घेतला तर हे बिनफ्रीजचे आले."

मावशींनी जोडप्याला किल्ली दिली. घड्याळजींच्या घराच्या किल्ल्या होत्या दोन, मावशी मोजताना त्या एकच धरत. एक दिली. दुसरी सवयीने खिळ्यावरच राहिली.

मग आला गुरुवार. मावशींचे पाय सतरा वर्षं दर गुरुवारी ज्या वाटेने जात होते त्याच वाटेने निघाले. त्यांचं डोकं त्या वेळी दुकानदाराचं सामान कुठल्या टेम्पोत मावेल याचा विचार करत होतं. खालच्या आळीतली दोन घरं झाली. तिसऱ्या घराचं मागचं दार उघडून त्या आत गेल्या. पडदे ओढलेले, अंधार. इथे कोणाचीही चूक झाली असती, कारण त्या दोघांनी सामान इतकं कमी आणलं होतं की घर गेल्या गुरुवारइतकंच रिकामं दिसत होतं. मावशींनी दोन्ही खिडक्या धाडधाड उघडल्या. थंड वारा आत घुसला. नळ सोडला. मोठ्याने गाणं म्हणत झोपायच्या खोलीत गेल्या. गादीवर पांघरुणांचा ढीग दिसला. मावशींनी छडी उचलली आणि त्या ढिगात एक सणसणीत हाणली.

"अगं आई गं!" ढीग ओरडला.

मावशींनी सवयीने दुसरीही हाणली. मग त्यांच्या ध्यानात आलं की सतरा वर्षांत गादी कधी बोलली नव्हती.

वहीवाला पांघरुणातून डोकं काढून बघत होता. बाहेरून खुर्चीवाली धावत आली. छडी अजून हवेतच होती. मावशींना काहीतरी बोलणं भाग होतं, आणि त्या बोलल्या, "आज गुरुवार आहे ना." एवढं म्हणून त्या आल्या त्या दाराने निघून गेल्या. पळाल्याच म्हणा. थर्मास तिथेच राहिला.

घरी येऊन मावशींनी ती दुसरी किल्ली काढली आणि काकांच्या हातात दिली. "त्यांना नेऊन द्या. आणि आतून कडीही बसवून द्या." त्यांना रडू येत होतं. गावात दहावं घर आलं आणि आपणच ते छडीने हाणून पळवून लावणार, असं त्यांना वाटत होतं.

वहीवाल्याच्या पाठीवर वळ उठला होता, पण तो चिडलेला नव्हता, निदान काका तसं म्हणाले. त्याने कडी मात्र बसवून घेतली. मावशींनी कानाला खडा लावला. त्या घराच्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही. गुरुवारी खालच्या आळीत गेल्या तरी त्या घराच्या समोरून मान खाली घालून जात. थर्मास मागायचीही सोय नव्हती. चहा बाटलीत भरून, बाटलीला जुना मोजा घालून नेऊ लागल्या. चहा दुसऱ्या घरापर्यंत गार होई. तो गार चहा त्या शिक्षा म्हणून पीत.

दुकानदार गेला. लेकीचा फोन आला. "आई, आता किती?"

"दहा."

"नवीन धरून?"

"धरून. माणसंच आहेत ती."

हिवाळा आला. नव्या जोडप्याच्या घराचं धुराडं उगाच रेंगाळत धूर सोडायचं, कारण वहीत कमी लाकूड जाळायचं ठरलं होतं. वहीवाल्याने एक नामी युक्ती केली होती. खिडक्यांच्या, दारांच्या सगळ्या फटी कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद केल्या होत्या. जळणात बचत आणि वर ऊब. वहीत त्या पानावर त्याने खूण करून ठेवली होती.

सात आठवडे झाले तेव्हा बातमी आली. पाववाली गावात गाडी घेऊन यायची, ती म्हणाली, "ते नवीन जोडपं टेम्पो विचारत होतं. घर ओलं आहे म्हणे. भिंतींना बुरशी आली. तो तर खोकून खोकून अर्धा झालाय."

मावशी पावाचे पैसे द्यायच्या विसरल्या. पण काकांचं काही वेगळंच झालं. ते उठून उभे राहिले. घड्याळजींच्या घराची मागची भिंत त्यांनी स्वतः बांधली होती, बाविसाव्या वर्षी, आपल्या हाताने केलेली पहिली आख्खी भिंत. "ओली?" ते म्हणाले. "माझी भिंत?" आणि टोपी घालून निघाले.

अर्ध्या तासाने परत आले. बसले. बूट काढायलाही विसरले. "भिंत ओली नाही," ते म्हणाले. "भिंतीला घाम फुटलाय. दोन माणसं आत श्वास घेतायत, स्वयंपाक करतायत, कपडे आतच वाळवतायत, आणि ती पोरगी वेत भिजवायला पाण्याच्या तीन टाक्या भरून ठेवते. आणि बाहेर जायला वाफेला एक फट नाही. रिकामं होतं तेव्हा सतरा वर्षं कोरडं ठणठणीत होतं ते घर."

"मग सांगितलंत ना त्यांना?"

"मी भिंतीचं सांगितलं. वाऱ्याचं तू सांग."

"मी नाही जायची. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"बरं," काका म्हणाले आणि बूट काढायला लागले. "मग कुलूप कुठे ठेवलंयस तेवढं बघून ठेव."

मावशींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की काका बुटाच्या नाडीत फारच गुंतले. मग त्या शाल घेऊन निघाल्या.

सतरा वर्षांत मावशींनी ते दार कधी वाजवलं नव्हतं. दार वाजवायचं कसं हेच त्या विसरल्या होत्या. त्यांनी एका बोटाने टकटक केलं, इतकं हळू की त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही. उभ्या राहिल्या. वाटलं, घरात नाहीत, जाऊ परत. तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला, अगदी छाती फोडणारा. मावशींनी मुठीने दार दणादणा वाजवलं.

खुर्चीवालीने दार उघडलं. मागे वहीवाला शाल पांघरून बसला होता. आतल्या हवेचा वास मावशींच्या नाकात शिरला आणि त्यांना लाजायचं राहूनच गेलं. "अगं, घर कोंडून मारलंत की तुम्ही!" त्या म्हणाल्या. "मी खिडकी उघडू का? या वेळी विचारून उघडते."

"मावशी, ऊब जाईल," वहीवाला म्हणाला. त्याने वही उचललीसुद्धा.

"हवा जाईल. ऊब भिंतीत असते. कोरडी हवा पटकन तापते, ओली तापतच नाही. म्हणून तर तुमची लाकडं जळतायत आणि पाय गारच आहेत. आहेत की नाही?"

दोघांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. पाय गारच होते.

मावशींनी पुढच्या खिडकीच्या पट्ट्या टराटरा फाडल्या, मग मागच्या. त्या घरातून वारा कसा वाहतो हे त्यांना पाठ होतं. पडदा फुगला, कोंडलेला वास बाहेर गेला. तिघं शाली लपेटून स्वयंपाकघरात दहा मिनिटं बसली. खुर्चीवालीने मावशींसमोर त्यांचाच थर्मास आणून ठेवला. लख्ख घासलेला, आत गरम चहा. "रोज भरून ठेवते," ती म्हणाली. "म्हटलं, मावशी कधीतरी न्यायला येतील. तुम्ही आलाच नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचं इथे येणं आवडलं नाही."

सात आठवडे त्या ज्या दारासमोरून मान खाली घालून गेल्या, त्या दारामागे रोज त्यांच्यासाठी चहा होत होता. "मी मूर्ख बाई आहे," त्या म्हणाल्या आणि चहा ओतून घेतला.

"आम्हाला कमी गोष्टींत राहायचं होतं," वहीवाला म्हणाला. खोकला आल्यामुळे त्याला हे दोन तुकड्यांत म्हणावं लागलं. "तिकडे आम्ही दिवसभर पडद्यासमोर बसायचो आणि रात्री एकमेकांशी बोलायला शब्द उरत नसत. वाटलं, हाताने काहीतरी करू. पण जमत नाहीये."

"राहा की कमी गोष्टींत. कमी हवेत कशाला राहता? रोज सकाळी दोन्ही खिडक्या, दहा मिनिटं. लिही."

त्याने लिहिलं. मावशींनी वाकून पाहिलं आणि 'रोज' खाली एक रेघ ओढायला लावली. मग खुर्चीवालीच्या पाण्याच्या टाक्यांचा प्रश्न आला. त्या टाक्या घरातून जायला हव्या होत्या, आणि वेत भिजवायला जागा तर हवीच. मावशींनी शालीतून हात बाहेर काढला. निघताना का कोण जाणे, त्यांनी फळीवरून एक किल्ली उचलून आणली होती. "शाळेत मोठी खोली आहे. नळ आहे, उजेड आहे. आणि तिथे श्वास घ्यायला कोणी नाही," त्या म्हणाल्या.

भिंत दोन आठवड्यांत कोरडी झाली. काका ती रोज हात लावून बघून येत आणि घरी येऊन भरपेट जेवत.

पुढे जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. खुर्चीवाली शाळेत विणायला बसली. एकटीने किती बसायचं म्हणून मावशी गुरुवारी वारा देऊन झाला की तिथे जाऊन बसत. बसता बसता त्यांच्या ध्यानात आलं की ज्या घरांत त्या चहा पितात तिथल्या बहुतेक खुर्च्यांची बैठक फाटलेली आहे. त्यांनी एकेका मालकाला फोन लावला. "तुमची खुर्ची विणायला टाकलीय. येऊन घेऊन जा." लोक खुर्ची न्यायला येत. घरात शिरत, तर घर स्वच्छ, कोरडं, नळाला पाणी. दोन दिवस राहत. शिंप्याची बायको आता एकटी होती, ती खुर्ची न्यायला आली आणि सामान मागवून घेतलं. विणकाम शिकायला शहरातून दोन मुली आल्या, त्यांना मधल्या आळीतलं घर मिळालं. दुकान बंद पडलं होतं ते आठवड्यातून तीन दिवस पाळीपाळीने उघडायला लागलं, आणि वहीवाला तिथे आपली भाजी ठेवू लागला. पहिल्या वर्षीचे त्याचे मुळे बोटाएवढे होते. गावाने ते न हसता घेतले. म्हणजे, त्याच्यासमोर हसले नाहीत. गाववाल्यांनी मग त्याला परसात काय आणि कधी लावायचं ते सांगितलं, आणि त्याची वही भरली.

राहती घरं बारा झाली. लेकीला फोनवर आकडा सांगताना मावशींचा आवाज उगाच चढायचा.

आणि मग उन्हाळ्यात एका सोमवारी वरच्या आळीतल्या थोरल्या भावाच्या घराची पायरी मावशींच्या पायाखालून निसटली. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे पलंगावर. बुधवारी लेक येऊन थडकली. तिने दोन बॅगा आणल्या होत्या, दोन्ही रिकाम्या.

"घरं बारा आहेत," मावशी पलंगावरून म्हणाल्या.

"बारा असोत की बावीस. पाय एकच धड आहे," लेक म्हणाली. ती आईचीच लेक होती. "आई, तू आता चालू शकत नाहीस. बाबा पंचाहत्तरीला आले. या वेळी मोजायचं नाही. उद्या दुपारी निघायचं."

मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. त्या भ्यायल्या होत्या. पायाची भीती नव्हती. किल्लेदारीण चालू शकत नसेल तर तिचा गावाला काय उपयोग, हा विचार त्यांना रात्रीपासून खात होता. चोवीस घरांना कोण वारा देणार? आणि कोणी देणार नसेल, तर आपण तरी इथे पडून काय बघत बसायचं?

गुरुवारी सकाळी लेक कपाट उपसत होती. "आई, मी कुलूप पाठवलं होतं ना, ते कुठे आहे?"

"असेल कुठेतरी."

काका छताकडे बघू लागले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. कोणी वाजवलं नाही. कोणीतरी सरळ आत आलं आणि स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली. नळ सुटला. कोणीतरी मोठ्याने गाणं म्हणत होतं, मावशींचंच गाणं, आणि फार बेसूर. मग पुढच्या खोलीची खिडकी उघडली. वारा मागून आला आणि मावशींच्या अंगावरून पुढे गेला. खोलीच्या दारात वहीवाला उभा होता. हातात वेताची छडी. त्याने पलंगाजवळ येऊन गादीच्या कडेवर छडी हळूच टेकवली, एकदा.

"आज गुरुवार आहे ना," तो म्हणाला.

मावशी हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही एकदमच.

लेक गोंधळून स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, फळीवरच्या किल्ल्या कुठे गेल्या?"

"काकांनी वाटल्या," वहीवाला म्हणाला. "काल संध्याकाळी." मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी आढ्याकडे पाहणं चालूच ठेवलं.

पलंगावरून खिडकीतून उतारावरच्या तिन्ही आळ्या दिसत होत्या. समोरच्या घराच्या खिडक्या उघड्या, पडदे बाहेर फडफडतायत. त्याच्या शेजारचं घरही उघडं. शिंपीण मधल्या आळीत गादी झोडत होती. विणकाम शिकणाऱ्या दोघी थोरल्या भावाच्या घराच्या नीट बसवलेल्या पायरीवर बसून चहा पीत होत्या. ज्यांचे ज्यांचे हातपाय चालत होते, ती सगळी जुनी आणि नवी माणसं घराघरांत होती. सगळ्या गावाच्या खिडक्या एकाच वेळी उघड्या मावशींनी कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

"अरे, पण वरच्या आळीचा वार सोमवार आहे!" मावशी कळवळून म्हणाल्या.

"वहीत लिहून घेतो," वहीवाला म्हणाला.

लेक स्वयंपाकघरातून आली ती हळूहळू. तिथे तिला दोन गोष्टी दिसल्या होत्या. मागच्या खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत काहीतरी जड खुपसलेलं होतं. ते तिचं पितळी कुलूप होतं. किती दिवस तिथे होतं कोण जाणे, त्याच्यावर चहाच्या कपाचे डागसुद्धा पडले होते. ते तिने हलवलं नाही, तिथेच राहू दिलं. आणि फळीवर एकच किल्ली उरली होती, खालच्या रांगेत, अगदी शेवटी.

"ही कोणाची?" तिने विचारलं.

"दुकानदाराच्या, दुकानामागच्या घराची," मावशी म्हणाल्या. "नवीन आलीय, कोणाच्या लक्षात राहिली नसेल."

लेकीने लहानपणी त्या दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्या सुट्ट्या काढल्या होत्या. ती बॅगांकडे पाहत राहिली. मग वाकून तिने आईच्या पायाखालची उशी नीट केली, उगाच दोनदा. "सहा आठवडे मी येऊन जाऊन राहीन," ती म्हणाली. "बॅगा राहू देत." आणि किल्ली घेऊन बाहेर पडली.

थोड्या वेळाने खालच्या आळीच्या टोकावरून तिची हाक आली. "आई! हे कुलूप उघडत नाहीये!"

मावशी पलंगावर उठून बसल्या. पाय ठणकला, तरी बसल्या. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "दार जरा वर उचल आणि मग फिरव! आणि आत गेलीस की आधी मागची खिडकी!"

सगळे थांबून ऐकत होते. मग आळीच्या टोकाला एक खिडकी करकरली आणि उघडली.

"थर्मास कुठे आहे?" मावशींनी काकांना विचारलं. "तिला नेऊन द्या. बसल्याशिवाय यायचं नाही म्हणावं."